नुकसानीचा कागद : तेलगाव मंडळातील आणेवारी, पंचनामा आणि पीकविमा

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव हे चौरस्त्याचे गाव आहे. उत्तरेला माजलगाव, दक्षिणेला बालाघाटाचा चढ चढून धारूर, पश्चिमेला वडवणीमार्गे बीड आणि पूर्वेला सिरसाळ्यावरून परळी अशा चार वाटा येथे एकत्र येतात, आणि लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही याच परिसरात उभा आहे. मात्र सरकारी दप्तरात तेलगावला आणखी एक ओळख आहे : ते एका महसूल मंडळाचे नाव आहे. महसूल मंडळ म्हणजे तालुका आणि गाव यांच्या मधला, काही गावे मिळून केलेला कारभाराचा टप्पा होय. त्यावर मंडळ अधिकारी असतो, पावसाची नोंद मंडळाच्या नावावर होते आणि पीकविम्यात 'अधिसूचित क्षेत्र' म्हणून बहुतेक पिकांसाठी हेच मंडळ धरले जाते. त्यामुळे या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याचे सोयाबीन पाण्यात कुजले किंवा उन्हात करपले, तर त्याला काय मिळणार, हे त्याच्या शेताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मंडळाच्या नावापुढे मांडलेल्या आकड्यांवर ठरते. शेत आणि मंडळ यांच्यातील हे अंतर कागदावर कसे निर्माण झाले, कोणत्या काळात ते कमी झाले आणि कोणत्या काळात पुन्हा वाढले, हाच या भागातील आपत्ती-मदतीच्या इतिहासाचा गाभा आहे.

या इतिहासाचा पहिला कागद आणेवारीचा. रुपयाचे सोळा आणे, तसे भरघोस पिकाचे सोळा आणे मानावेत आणि प्रत्यक्ष आलेले पीक त्या मापात किती आणे भरते हे नजरेने ठरवावे, अशी ही पद्धत होती. तिचा मूळ हेतू शेतकऱ्याला मदत देण्याचा नव्हता, तर शेतसारा त्या वर्षी घ्यावा, पुढे ढकलावा की सोडावा हे ठरवण्याचा होता. सारा पुढे ढकलण्याला 'तहकुबी' आणि कायमचा सोडून देण्याला 'सूट' म्हणत. मुंबई इलाख्यात पीक सहा आण्यांपर्यंत घसरले म्हणजे तहकुबीचा विचार सुरू होई. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथेही पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत जमिनीची मोजणी व सारा-आकारणी मुंबईच्या धर्तीवर सुरू झाली होती. गावचा माली पाटील सारा वसूल करी आणि पटवारी दप्तर सांभाळी. म्हणजे नुकसानीची पहिली नोंद ज्यांच्या हातून होई, तेच वसुलीलाही बांधलेले असत. नुकसान मोजणारा हात आणि सारा घेणारा हात एकच असणे, हे या व्यवस्थेचे जन्मजात वैगुण्य होते.

दुसरा धागा दुष्काळ-संहितांचा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने शिफारशी केल्या आणि त्यातून प्रांतोप्रांती संहिता तयार झाल्या. दुष्काळाची चिन्हे कोणती, तो जाहीर कोणी करावा, कामे कोठे काढावीत, मजुरी किती द्यावी हे त्यांत लिहून ठेवले गेले. पुढे स्वतंत्र महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी 'टंचाई' हा शब्द रूढ केला. भूकबळीचा काळ मागे पडला, अन्नधान्य पोहोचवणे आता शक्य आहे, हा विश्वास त्यामागे होता. परंतु शब्द बदलला म्हणून पाऊस बदलला नाही. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मरणात 'बहात्तरचा' म्हणून कायमचा कोरला गेला. खडी फोडण्याच्या आणि बंडिंगच्या कामांवर अवघी गावे आली, त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेने आकार घेतला आणि तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला. त्या योजनेचे मोठेपण असे, की काम मागणाऱ्याला गावाची आणेवारी विचारली जात नसे. मागणी हाच पुरावा होता. आपत्तीच्या इतिहासात अशी सोपी कसोटी फार थोड्या वेळा वापरली गेली.

दरम्यान १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने राज्यभर एकच महसुली कायदा आणला. गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एकत्र छापले जातात म्हणून त्याला सातबारा म्हणतात. हा उतारा पुढे प्रत्येक अर्जाचा पाया ठरला. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. आता शंभर पैशांपैकी पन्नास पैसे किंवा त्याहून कमी उतरलेले गाव टंचाईग्रस्त समजले जाऊ लागले. जुने सहा आणे म्हणजे साडेसदतीस पैसे होत, हे लक्षात घेतले तर मर्यादा शेतकऱ्याच्या बाजूने सरकली, हे मान्य करावे लागते. तरीही मोजणीचे माप गाव हेच राहिले. हंगामी, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांनी पैसेवारी जाहीर होते आणि अंतिम आकडा डिसेंबरात येतो. तोवर खरीप घरात आलेले असते किंवा मातीत गेलेले असते.

पैसेवारीतून शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा-शुल्क माफी, कर्जवसुलीला स्थगिती अशा सवलती मिळतात. पण हातात रोख रक्कम देणारी व्यवस्था निराळी आहे. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी उभा राहिला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, २०१० पासून, त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी यांनी घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यात राज्य निधीतील शंभर रुपयांपैकी पंच्याहत्तर केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे असतात. या निधीचे दरपत्रक केंद्र ठरवते. २०१५ पर्यंत निम्मे पीक गेले तरच मदत मिळे. त्या वर्षी ही अट ३३ टक्क्यांवर आली. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीचे दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असे आहेत, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. नदीने पात्र बदलल्याने जमीनच वाहून गेली तर हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ही 'मदत' आहे, 'भरपाई' नव्हे. शेतकऱ्याला पुन्हा उभे राहण्यासाठी शासनाने दिलेला तो हात आहे; झालेल्या नुकसानीची किंमत त्यात धरलेली नसते. नुकसानीच्या प्रमाणात पैसा देण्याचे वचन विम्याचे असते, आणि म्हणून विम्याचा इतिहास वेगळा पाहावा लागतो.

भारतात शेतीच्या विम्याची पहिली पद्धतशीर मांडणी म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केली. प्रत्येक शेत तपासत बसण्यापेक्षा पावसाच्या आकड्यावर विमा ठरवावा, असा त्यांचा विचार होता. प्रत्यक्ष प्रयोग मात्र १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर झाला, आणि तो शेतकरीनिहाय, म्हणजे प्रत्येकाचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणारा होता. पुढे महाराष्ट्रासह इतर काही राज्यांत तो पसरला, पण १९७८-७९ पर्यंत अवघ्या ३,११० शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. हप्ता जमला साडेचार लाखांच्या आसपास आणि भरपाई द्यावी लागली जवळपास अडतीस लाख रुपयांची. या अपयशावर तोडगा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी काढला. एका शेतकऱ्याचे नुकसान मोजायला गेले तर खर्च परवडत नाही आणि खोट्या दाव्यांना वाव राहतो. म्हणून एकसारख्या हवामानाचा प्रदेश हे एकक धरावे, तेथे नमुन्यादाखल पीक कापून सरासरी उत्पादन काढावे आणि ते ठरलेल्या उत्पादनापेक्षा जितके कमी भरेल तितक्या प्रमाणात त्या प्रदेशातील सर्व विमेदारांना सारखी भरपाई द्यावी, असे त्यांनी सुचवले. १९७९ पासून या 'क्षेत्र-पद्धती'चा प्रायोगिक विमा सुरू झाला. महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा अनुशेष मोजणाऱ्या समितीचे अध्यक्षही दांडेकरच होते. मराठवाड्याचे मागासलेपण ज्याने आकड्यांत मांडले, त्याच विद्वानाच्या विचारातून मराठवाड्याचा पीकविमाही घडला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

१ एप्रिल १९८५ पासून सर्वंकष पीकविमा योजना आली. ती कर्जदार शेतकऱ्यांपुरती होती, हप्ता सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जातूनच कापला जाई आणि तिच्यात तृणधान्ये, कडधान्ये व तेलबिया एवढीच पिके होती. म्हणजे तेलगावच्या काळ्या रानातील कापूस आणि कारखान्याला जाणारा ऊस ही नगदी पिके तिच्या बाहेर राहिली. १९९९ पर्यंत देशभरात सुमारे चारशे कोटी रुपये हप्ता आणि तेवीसशे कोटींच्या घरात भरपाई, असा तिचा ताळेबंद राहिला. १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना सुरू झाली. तीत बिगरकर्जदारांना आणि नगदी पिकांनाही जागा मिळाली. २००३ मध्ये भारतीय कृषी विमा कंपनी कामाला लागली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. तिच्यात शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के असा बांधला गेला आणि उरलेला हप्ता केंद्र व राज्य यांनी वाटून घेतला. २०२० पासून कर्जदारांसाठीही ती ऐच्छिक झाली.

क्षेत्र-पद्धती प्रत्यक्षात कशी चालते, हे एका शेतात उभे राहून पाहिले म्हणजे नीट उमगते. पीक पक्व होताच मंडळातील निवडक गावांत, चिठ्ठीने निघालेल्या गटांत, ठरावीक लांबीरुंदीचा तुकडा दोरी व खुंट्यांनी आखला जातो. त्यातले सोयाबीन कापून, मळून, वाळवून त्याचे वजन घेतले जाते आणि त्या वजनावरून हेक्टरी उत्पादन काढले जाते. याला पीककापणी प्रयोग म्हणतात. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणले, की 'उंबरठा उत्पादन' मिळते. महाराष्ट्रात हा जोखीमस्तर ७० टक्के धरला जातो. समजा, उंबरठा उत्पादन हेक्टरी दहा क्विंटल आहे, प्रयोगांची सरासरी सात क्विंटल आली आणि विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे, तर तीन भागिले दहा या प्रमाणात हेक्टरी १५,००० रुपये भरपाई निघते. गणित स्वच्छ आहे. पण ओढ्याकाठचा गट वाहून गेला आणि माळावरचे गट तरले, तर सरासरी माळावरच्या शेतांची येते आणि ओढ्याकाठच्या शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. सलग अनेक वर्षे वाईट गेली, तर सात वर्षांची सरासरीच खाली येते आणि उंबरठाही तिच्याबरोबर घसरतो. दुष्काळी प्रदेशाला त्याच्या दुष्काळाची शिक्षा विम्यातही भोगावी लागते, ती अशी.

हीच उणीव भरण्यासाठी २०१६ च्या योजनेत काही जोड-संरक्षणे ठेवली होती : पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्यात आलेली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतर शेतात पसरलेल्या पिकाचे नुकसान आणि गारपीट, पुराचे पाणी साचणे यांसारखी स्थानिक आपत्ती. मध्य-हंगामाच्या संकटात अपेक्षित भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळे. तिला गावोगाव 'अग्रिम' म्हणू लागले. स्थानिक आपत्तीत मात्र शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत सूचना द्यायची आणि मग त्याच्याच शेताचा पंचनामा व्हायचा, असा नियम होता. दांडेकरांच्या क्षेत्र-पद्धतीत हरवलेले एकट्या शेताचे नुकसान या एका कागदाने पुन्हा दिसू लागले. वीज गेलेली, फोनची रेंज नाही, नाल्यावरचा पूल पाण्याखाली, अशा वेळी ७२ तास फार थोडे असतात, हे खरे. तरी शेताला स्वतःचा आवाज देणारे दार उघडे होते.

२०२० मध्ये बीड जिल्ह्याचे नाव देशाच्या विमा-इतिहासात आले. दावे जास्त निघतात म्हणून जिल्ह्यासाठी निविदा भरायला कंपन्या तयार होईनात, तेव्हा राज्य शासनाने भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर निराळा करार केला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांहून वाढली तर वरचा भार राज्याने उचलायचा. ती ८० टक्क्यांहून कमी राहिली तर कंपनीने खर्च व नफा म्हणून हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून बाकीची राज्याला परत करायची. हाच 'बीड पॅटर्न'. कंपनीच्या नफ्याला आणि तोट्याला दोन्हीकडून बांध घालणारी ही पद्धत २०२२ च्या खरिपापासून राज्यभर लागू झाली. पहिल्या वर्षी जिल्ह्यात भरपाई हप्त्याच्या मानाने फारच थोडी निघाली आणि मोठी रक्कम शासनाकडे परतली. तिजोरीच्या दृष्टीने हा लाभ होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र विमा कंपनीचा नफा शासनाकडे गेला, शेतापर्यंत आला नाही.

२०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. अर्जांची संख्या प्रचंड वाढली, आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या किंवा शेतीखाली नसलेल्या जमिनीवर काढलेल्या बोगस विम्याची प्रकरणेही उघडकीस आली. बीड जिल्ह्याचे नाव त्यातही आले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली, जुना हिस्सा परत आला आणि त्याचबरोबर वरील जोड-संरक्षणे काढून भरपाई केवळ पीककापणी प्रयोगावर बांधली गेली. बोगस अर्ज करणाऱ्यांना आळा घालणे आवश्यक होते, यात वाद नाही. पण त्यांच्यामुळे ७२ तासांचे दार सर्वांसाठीच बंद व्हावे, हा न्याय नव्हे. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली आणि सिंदफणा व गोदावरीच्या काठची शेते मातीसकट खरवडली गेली. ज्या हंगामात शेतनिहाय पंचनाम्याची सर्वाधिक गरज होती, त्याच हंगामात विम्यात त्याला जागा नव्हती. तो भार मग आपत्ती-मदतीच्या पंचनाम्यावर आला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जोड देऊन कोरडवाहू शेतकऱ्याची मदत १८,५०० रुपयांपर्यंत नेली गेली आणि मर्यादा तीन हेक्टर करण्यात आली.

एकक बदलले की आपत्तीचे चित्रही कसे बदलते, याचा दाखला दोनच वर्षे आधी धारूर तालुक्याने पाहिला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यांत बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. शेजारच्या तालुक्यांतील करपलेल्या शिवारांचे काय, हा प्रश्न तत्काळ उठला, आणि त्यानंतर राज्याने तालुक्याऐवजी मंडळ हे एकक धरून आणखी १,०२१ महसूल मंडळांना सवलती लागू केल्या. आभाळ तेच आणि शेतेही तीच होती. माप लहान होताच हजारो गावांचा दुष्काळ दिसू लागला.

परदेशातील एक व्यवस्था येथे तुलनेला उपयोगी पडते. अमेरिकेने १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारच्या आधाराने घरादारांचा विमा उतरवला जातो आणि पुरानंतर घरमालकाला साठ दिवसांच्या आत नुकसानीचे शपथपूर्वक विवरण स्वतःच्या सहीने द्यावे लागते. तेथे घराचा विमा आहे, येथे पिकाचा. आणि तेथील कागदपत्रांचा जाचही थोडा नाही. पण एक तत्त्व मोलाचे आहे : नुकसान झालेल्याचे स्वतःचे निवेदन हा त्या व्यवस्थेत दाव्याचा आधार असतो. मराठवाड्यात आपत्ती-मदतीचा पंचनामा ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचा तलाठी, सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचा कृषी सहायक, आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हे तिघे मिळून लिहितात. गट क्रमांक, चतुःसीमा, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि खाली पंचांच्या सह्या, एवढा त्यातील मजकूर. पण त्याची प्रत शेतकऱ्याच्या घरी क्वचितच असते.

या कागदाच्या वाटेवर आणखी बरीच कुंपणे आहेत. सातबारावर वारसनोंद झालेली नसते. सामायिक खात्यात भावाचे संमतिपत्र लागते. शेत कसणाऱ्या विधवेचे नाव उताऱ्यावर नसते. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून शेतात उभे राहून पिकाची नोंद, आली. त्यानंतर ई-केवायसी आली आणि २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. यातील प्रत्येक पायरी गैरप्रकार रोखण्यासाठी आहे, परंतु सर्व पायऱ्या चढण्यासाठी शेतकरी गावात हजर असावा लागतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या फडांवर निघतात. नेमक्या त्याच दिवसांत पंचनामे पूर्ण होतात, पीककापणी चालते, याद्या लागतात, त्रुटींच्या दुरुस्त्या निघतात आणि केवायसीच्या मुदती संपतात. दोन एकर कोरडवाहू असणारा, म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज असणारा शेतकरी, त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर उसाच्या पाचटात उभा असतो. कागदाचे पंचांग आणि माणसाचे पंचांग यांचा मेळ दीडशे वर्षांत कोणीही घातला नाही.

आणेवारीपासून आजवरच्या वाटचालीत दर वाढले, मर्यादा सैल झाल्या, रक्कम थेट खात्यात येऊ लागली, हे निर्विवाद आहे. परंतु मोजण्याचे माप कधी गाव, कधी तालुका, तर कधी मंडळ असेच राहिले. शेत स्वतः दिसले ते केवळ पंचनाम्यात. म्हणून पंचनामा टिकला पाहिजे, विम्यातही त्याला पुन्हा स्थान मिळाले पाहिजे, त्याची सहीनिशी प्रत शेतकऱ्याला तेथेच मिळाली पाहिजे, पीककापणी प्रयोगांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी दुरुस्त्यांच्या मुदती ती गावी परतल्यानंतरच्या असल्या पाहिजेत. आणि तोवर तेलगाव मंडळातीलच नव्हे, तर मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याने विम्याची पावती, पीक पाहणीची नोंद आणि मिळाल्यास पंचनाम्याची प्रत घरातील लोखंडी पेटीत सातबाराशेजारी जपून ठेवावी. कारण शासनदरबारी पीक गेल्याचा पुरावा म्हणून अखेरीस हेच तीन कागद विचारले जातात.